खालच्या काकू झोपलेल्या असताना सायकल कशी चालवायची?

पत्र : मी इंदिरानगरला तिसऱ्या मजल्यावर राहते. वय ४४, बँकेत नोकरी. गेल्या हिवाळ्यात २०० किलोमीटरची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) वेळेत पूर्ण केली, आता ३०० ची करायची आहे. सरावाला वेळ मिळतो तो पहाटे पाच ते सहा. त्या अंधारात एकटीनं हायवेला जायला घरचे नको म्हणतात आणि रस्ते जागोजागी खणलेले असल्यानं मलाही आता धीर होत नाही. म्हणून घरात स्मार्ट ट्रेनर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायचं ॲपशी जोडलेलं मशीन, घ्यायचं ठरवलं आहे. सायकल हायब्रिड, मागे आठ गिअर, डिस्क ब्रेक. बजेट सत्तर हजार. अडचण एकच, पण मोठी. खालच्या फ्लॅटमधल्या काकूंची झोप फार सावध आहे. आमच्याकडे खुर्ची सरकली तरी त्यांना कळतं. शेजारच्या खोलीत सासूबाई झोपतात. दुकानदार म्हणतो, ‘एकदम सायलेंट मशीन आहे, मॅडम.’ खरंच आवाज न करणारा आणि पाच-सात वर्षं निमूट चालणारा ट्रेनर कोणता? गॅलरीत ठेवला तर चालेल का? आणि लाईट गेली तर काय होतं? — एक वाचक, नाशिक

उत्तर :

दुकानदार खोटं बोलत नाहीये, पण तो त्याच्या दुकानातल्या आवाजाबद्दल बोलतोय. तुमचा प्रश्न खालच्या छतातून ऐकू येणाऱ्या आवाजाचा आहे. हे दोन आवाज वेगळे आणि त्यांचे उपायही वेगळे. सासूबाईंपर्यंत पोचतो तो हवेतून जाणारा आवाज, म्हणजे चेनची किरकिर, ट्रेनरच्या आतल्या पट्ट्याची घरघर, पंख्याचा घोंगावा. दार लावलं की तो बराच कमी होतो. काकूंपर्यंत पोचते ती थरथर. ती ट्रेनरच्या पायांतून फरशीत, फरशीतून स्लॅबमध्ये आणि स्लॅबमधून थेट त्यांच्या पलंगावरच्या छतात उतरते. दार लावून तिला काही फरक पडत नाही.

याचा पडताळा स्वयंपाकघरात घेता येईल. मिक्सर ओट्यावर ठेवून चालवा, मग तोच मिक्सर चारपदरी टॉवेलवर ठेवून चालवा. मिक्सर तोच, मोटरही तीच, पण ओट्याची गुणगुण गायब होते. तुमच्या सत्तर हजारांपैकी काही हजार या टॉवेलसाठी बाजूला काढायचे आहेत, हे मनाशी पक्कं करा. मग बाकीचं ठरवणं सोपं जाईल.

आधी प्रकार निवडू, त्यात फार वेळ घालवायची गरज नाही. बाजारात मुख्यतः दोन जातीचे स्मार्ट ट्रेनर आहेत. एकात सायकलचं मागचं चाक तसंच राहतं आणि टायर एका छोट्या रोलरवर घासत फिरतो. हे स्वस्त असतात, घडी घालून पलंगाखाली जातात, पण टायर आणि रोलर मिळून जो घूं-घूं आवाज काढतात तो वेगाबरोबर वाढत जातो. हायब्रिडच्या टायरला खाचा असतील तर विचारूच नका. शिवाय टायर झिजतो आणि हवेचा दाब रोज सारखा ठेवावा लागतो. टायर तापला की वॉटचा, म्हणजे तुमच्या पायांच्या ताकदीचा, आकडा सरकतो, म्हणून दहा मिनिटं चालवून पुन्हा कॅलिब्रेशन करावं, म्हणजे मोजमाप जुळवून घ्यावं लागतं. दुसऱ्या जातीत मागचं चाक काढून ठेवायचं आणि सायकलची चेन सरळ ट्रेनरवरच्या कॅसेटवर, म्हणजे मागच्या गिअरच्या दातेरी चकत्यांच्या संचावर, चढवायची. याला डायरेक्ट ड्राइव्ह म्हणतात. टायरच नसल्यानं तो सगळा आवाज जातो, उरतो फक्त चेनचा आणि आतल्या पट्ट्याचा. खाली काकू असताना पहिल्या जातीकडे बघूसुद्धा नका, फुकट मिळाला तरी. सायकल न बांधता नुसती वर ठेवून चालवतात त्या रोलर्सचंही तेच. तोल सुधारायला उत्तम, पण शेजाऱ्यांसाठी वाईट.

जाहिरातीतल्या डेसिबलच्या आकड्यांवर मी फारसा विसंबत नाही. तो आकडा किती अंतरावरून, कोणत्या वेगाला, चेन कशी असताना मोजला हे सहसा लिहिलेलं नसतं, आणि फरशीतली थरथर त्यात धरलेली नसतेच. डेसिबलचं गणितही सरळ नाही. दहानं आकडा वाढला की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो, पण दोन मशिनमध्ये दोन डेसिबलचा फरक असेल तर तो तुम्हाला कळणारही नाही. आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि त्यातली रात्र १० ते सकाळी ६ अशी धरली आहे. तो नियम परिसरातल्या आवाजासाठी आहे, तुमच्या बेडरूमसाठी नाही. तरी तुमचा पाच ते सहाचा तास नेमका रात्रीत मोडतो, हे काकूंच्या बाजूनं लक्षात ठेवा.

आता थरथरीकडे येऊ, कारण खरं काम तिथेच आहे. डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनरच्या आत एक जड लोखंडी चकती असते, फ्लायव्हील. तुम्ही पॅडल मिनिटाला ८०-९० वेळा फिरवता तेव्हा ती चकती मिनिटाला हजाराहून जास्त फेरे घेत असते. तिचा तोल कितीही नीट साधला असला तरी एक बारीक, खालच्या पट्टीतला कंप उरतोच. त्यावर आणखी तुमच्या पायांचा ठेका येतो, एका फेऱ्यात दोनदा, डावा आणि उजवा. उभं राहून पॅडल मारलं की तो ठेका धपाधप होतो. असा खालच्या पट्टीतला कंप काँक्रीटमधून फार कमी घटतो.

म्हणून जागा नीट निवडा. स्लॅब सगळ्यात जास्त हलतो तो खोलीच्या मधोमध, आणि सगळ्यात कमी हलतो बीम आणि कॉलमच्या जवळ. खोलीचा असा कोपरा शोधा जिथे कॉलम आहे (बहुतेक फ्लॅटमध्ये भिंतीतून थोडा पुढे आलेला दिसतोच) आणि सायकल त्याला लागून, बीमच्या रेषेत ठेवा. खाली काकूंची बेडरूम कुठे आहे हेही बघा. एकाच आराखड्याच्या इमारतीत तुमच्या हॉलखाली त्यांचा हॉल असतो. मग सायकल हॉलमध्ये ठेवली तर अर्धं काम झालं. सासूबाईंच्या खोलीपासूनही ती लांब गेली तर दुहेरी फायदा.

गॅलरी मात्र नको. ती इमारतीबाहेर अधांतरी काढलेल्या स्लॅबवर असते, त्यामुळे खोलीपेक्षा जास्त थरथरते आणि आवाज चारही मजल्यांना वाटते. शिवाय पावसाळ्यातली तिरकी सर आणि उन्हाळ्यातली धूळ इलेक्ट्रॉनिक वस्तूला मानवत नाही.

जागा ठरली की खालचे थर. ट्रेनरबरोबर मिळणारी पातळ योगा मॅटसारखी चटई घामासाठी असते, कंपासाठी नाही. जिममध्ये जमिनीवर टाकतात त्या जाड रबरी लाद्या घ्या. त्यांच्यावर सायकल आणि ट्रेनर दोन्ही मावतील एवढा १८ मिलिमीटर जाडीचा प्लाय ठेवा आणि प्लायवर पुन्हा एक रबरी चटई. रबर, लाकूड, रबर. मऊ आणि कडक थर एकाआड एक आले की कंप प्रत्येक सांध्यावर थोडा थोडा मरतो. नुसत्या मऊ फोमचे ढीग घालू नका. ट्रेनर डुगडुगतो, आणि उभं राहून पॅडल मारताना ते धोक्याचं आहे. वॉशिंग मशीनखाली ठेवतात ते रबरी पाय प्लायच्या चार कोपऱ्यांत लावले तर आणखी चांगलं. प्लाय भिंतीला टेकू देऊ नका, दोन बोटं अंतर ठेवा, नाहीतर थरथर भिंतीतून वाट काढते.

हे सगळं मांडल्यावर एका संध्याकाळी काकूंकडे चहाला जा आणि वर घरातल्या कुणालातरी सायकलवर बसवा. काकूंच्या बेडरूममध्ये, टीव्ही बंद करून, स्वतःच्या कानांनी ऐका. गंमत म्हणजे ज्याला आधी विचारलं आहे त्याला तोच आवाज कमी त्रास देतो. न सांगता सुरू केलेली गुणगुण मात्र सोसायटीच्या सभेपर्यंत जाते.

आवाज कमी करायचा एक उपाय फुकट आहे आणि दुकानात तो कुणी सांगत नाही. स्मार्ट ट्रेनरमध्ये ‘अर्ग’ नावाचा मोड असतो. ॲपनं सांगितलं की १३० वॉट, तर तुम्ही कोणत्याही गिअरवर, कोणत्याही लयीत पॅडल मारा, ट्रेनर ताण कमी-जास्त करून १३० वॉटच ठेवतो. म्हणजे गिअर कोणता हे तुमच्या व्यायामाच्या दृष्टीनं बिनमहत्त्वाचं, पण आवाजाच्या दृष्टीनं महत्त्वाचं. पॅडलजवळची, पुढची लहान दातेरी चकती आणि मागची मधली ठेवली की फ्लायव्हील हळू फिरतं आणि आवाज चांगलाच उतरतो. मोठ्या चकतीवर तोच व्यायाम तेवढ्याच वॉटला करा, मशीन गुरगुरायला लागेल. फ्लायव्हील हळू फिरताना पायाला घाट चढल्यासारखं वाटतं, सपाटीवरची सहज घरंगळ मिळत नाही. घाटाची तयारी त्यातच होते, तेव्हा तक्रारीला जागा नाही. एवढंच सांभाळा की दमून लय फार खाली जाऊ देऊ नका. लय पडली की वॉट राखण्यासाठी ट्रेनर ताण वाढवतो, मग लय आणखी पडते, आणि शेवटी पाय जागीच अडकतात. तसं झालं तर क्षणभर थांबा, ताण सुटू द्या, पुन्हा हलकेच सुरू करा.

चेनही बोलते. चांगल्या डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनरवर सगळ्यात जास्त ऐकू येते ती बहुधा चेनच. रस्त्यावरून आलेली धुळकट चेन तशीच घरात लावू नका. पुसा, तेल द्या, जादाचं तेल फडक्यानं टिपून घ्या. चेन आणि कॅसेट यांचं वयही जुळायला हवं. झिजलेली चेन नव्या कोऱ्या कॅसेटवर घातली तर दातांवरून उड्या मारत खडखडते. आणि पॅडल मारणं मध्येच थांबवलं की मागच्या हबची (कॅसेट ज्यावर बसते त्या भागाची) जी टिकटिक होते ती पहाटे पाचला भलतीच मोठी वाटते; त्यावर उपाय म्हणजे थांबायचं नाही, हळू का होईना पाय फिरवत राहायचे.

एवढं सगळं करून शेवटी आवाज कुणाचा येतो? पंख्याचा. घरात सायकल चालवताना समोरून वारा नसतो, म्हणून वीस मिनिटांत घाम टपकायला लागतो आणि नाडीचे ठोके उगाच चढतात. छताचा पंखा पुरत नाही, अंगावर थेट झोत हवा. उभा पंखा पूर्ण वेगात लावला की तो ट्रेनरपेक्षा मोठा आवाज करतो. बीएलडीसी मोटरचा पंखा घ्या, तो त्यातल्या त्यात शांत असतो. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटे खिडकी उघडली तर पंखा मधल्या वेगावरही पुरतो, आणि तुमच्या ब्रेव्हेच्या तयारीचे महिने नेमके तेच आहेत. एप्रिल-मे मध्ये मात्र सगळी दारं लावून ४० मिनिटांच्या वर जाऊ नका.

आता मशीन कोणतं. सगळ्यात वरच्या वर्गात टॅक्सचा निओ २टी आणि वाहूचा किकर ही नावं येतात. निओमध्ये पट्टा नाही, लोखंडी फ्लायव्हीलही नाही. मोटरच फ्लायव्हीलची नक्कल करते. पट्टा नाही म्हणून आवाज फार कमी. एक सूचना मात्र : निओ ॲपमधल्या खडबडीत रस्त्याची थरथरही पायाखाली आणून देतो. त्या कौतुकाचे पैसे तुम्ही भरणार आणि ती थरथर काकूंना मिळणार, म्हणून असं मशीन कुठे हाती आलंच तर ती सोय आधी बंद करायची. किकरचं फ्लायव्हील ७.३ किलोचं, वॉट मोजण्याची अचूकता अधिक-उणे १ टक्का. दोन्ही उत्तम आहेत आणि दोन्ही तुमच्या सत्तर हजारांत नवीन मिळत नाहीत. त्यासाठी बजेट वाढवू नका असंच मी सांगेन.

मधल्या वर्गात वाहूचा किकर कोअर, एलीटचे सुइटो आणि डायरेटो. किकर कोअरच्या पहिल्या पिढीत फ्लायव्हील ५.४ किलो, अचूकता अधिक-उणे २ टक्के, चढाची नक्कल १६ टक्क्यांपर्यंत, कमाल ताकद १८०० वॉट. सुइटोची अचूकता अडीच टक्के, चढ १५ टक्के. कागदावर हे आकडे वरच्या वर्गापेक्षा कमी दिसतात म्हणून माणसं हळहळतात. पण २ टक्के म्हणजे १५० वॉटला ३ वॉट. तुमच्या पायांना तो फरक कळायचा नाही. १८०० वॉट हा आकडा ट्रॅकवरच्या स्प्रिंटरांच्या उपयोगाचा. ब्रेव्हे करणारी व्यक्ती तासन् तास त्याच्या दहाव्या हिश्शाच्याही आत असते. आणि १६ टक्क्यांचा चढ? कसारा घाट एवढा खडा नाही. या आकड्यांसाठी तीस-चाळीस हजार जास्त मोजण्यापेक्षा ते रबर, पंखा आणि चांगल्या बिबशॉर्ट्सवर (बैठकीला गादी असलेल्या सायकलच्या चड्डीवर) घाला.

तिसरा वर्ग थिंकरायडर, मॅजीन अशा चिनी कंपन्यांचा. यांना सरसकट नाक मुरडणारे आहेत, मी त्यातला नाही. किमतीच्या मानानं मशीन चांगली असतात. फक्त इथे तुमचा दुसरा प्रश्न, टिकण्याचा, जास्त टोकदार होतो.

ट्रेनरमध्ये बिघडतं काय? बेअरिंग वाजायला लागतं, पट्टा घसरतो किंवा चीं-चीं करतो, हबला ढिलाई येते, अ‍ॅडॉप्टर जळतो, ब्लूटूथ तुटत राहतं. यातलं शेवटचं बहुतेक वेळा फर्मवेअर अपडेटनं किंवा फोन सायकलजवळ ठेवल्यानं सुटतं. बाकीच्यांना सुटा भाग आणि उघडून बसवणारा माणूस लागतो. अठरा-वीस किलोचं धूड कुरिअरनं पाठवणं हा स्वतंत्र खर्च, आणि रस्त्यात आदळलं तर नवीनच दुखणं. म्हणून ‘सर्वात टिकाऊ कोणता’ असं विचारण्यापेक्षा ‘बिघडला तर कोण बघणार’ असं विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. वॉरंटी भारतातली आहे का? दुरुस्ती मुंबईत होते, बंगळुरूत होते की मशीन बदलूनच देतात? नेण्या-आणण्याचा खर्च कुणाचा? पट्टा आणि अ‍ॅडॉप्टर सुटे मिळतात का? या चारही प्रश्नांना जो विक्रेता जीएसटीच्या बिलासह सरळ उत्तर देईल, त्याच्याकडचं मधल्या वर्गातलं मशीन घ्या, मग ते वाहूचं असो, एलीटचं असो वा चिनी. दुबईहून किंवा अमेरिकेहून कुणी आणून देणार असेल तर स्वस्त पडेल, पण ती वॉरंटी बहुधा तिकडेच राहते. एवढ्या जड वस्तूच्या बाबतीत हा जुगार मी खेळणार नाही.

तुम्ही कौल मागितला आहे, तर तो असा. भारतातल्या वॉरंटीसह किकर कोअर बजेटमध्ये मिळत असेल तर तो घ्या. तो झ्विफ्ट कॉगसह, म्हणजे झ्विफ्ट या सायकलिंग ॲपच्या एकाच दातेरी चकतीसह मिळाला तर आणखी बरं. हा कॉग आठपासून बारा गिअरपर्यंतच्या सायकलींना चालतो. मागे एकच चकती असल्यानं चेन सरळ रेषेत राहते, तिची किरकिर कमी होते आणि गिअर ॲपमधून बदलता येतात. हे गिअर बदलणं प्रत्येक ॲपमध्ये चालतंच असं नाही, पण अर्ग मोडमध्ये बदलायची गरजच पडत नाही. कोअर नाही जमला तर सुइटो. तोही नाही तर असा चिनी, ज्याचा विक्रेता फोन उचलतो.

तुमच्या सायकलबद्दल दोन-तीन गोष्टी खरेदीआधी तपासा. मागच्या चाकाची दांडी खटक्यानं सुटणारी क्विक रिलीजची आहे की पिळून काढायची जाड थ्रू-अ‍ॅक्सल, हे बघून त्याचे अ‍ॅडॉप्टर डब्यात आहेत का विचारा. कॅसेट बरोबर येते का हेही विचारा. काही ट्रेनर तिच्याशिवाय मिळतात. अकरा गिअरच्या हबवर आठ गिअरची कॅसेट बसते, पण आत १.८५ मिलिमीटरची एक चपटी रिंग घालावी लागते. ती विसरली तर कॅसेट हलत राहते आणि आठवडाभर आवाज कुठून येतोय ते कळत नाही. आणि डिस्क ब्रेकचं एक पथ्य : मागचं चाक काढलेलं असताना मागचा ब्रेक दाबायचा नाही. ब्रेक हायड्रॉलिक असेल तर मध्ये डिस्क नसल्यानं पॅड एकमेकांना चिकटतात आणि चाक परत बसत नाही. पॅडच्या फटीत प्लास्टिकचा तुकडा सरकवून ठेवा. घरी लहान मुलं येत-जात असतील तर हे अगत्यानं करा, कारण उभ्या सायकलचा ब्रेक दाबल्याशिवाय कुठलंही मूल पुढे जात नाही.

लाईटचं म्हणाल तर ट्रेनरला वीज फार कमी लागते. घरच्या इन्व्हर्टरवर तो आरामात चालतो, फक्त इन्व्हर्टर साइन वेव्हचा असावा. वीज गेली आणि इन्व्हर्टर नसेल तर बहुतेक मशीनचा ताणावरचा ताबा सुटतो. निओसारखी काही मोजकी विजेशिवायही चालतात. त्याहून जास्त भीती वीज परत येतानाच्या झटक्याची असते, म्हणून स्पाइक गार्ड लावा आणि व्यायाम संपला की प्लग काढून ठेवा. राउटरही इन्व्हर्टरवर घ्या, नाहीतर ट्रेनर चालू आणि ॲप बंद अशी गत होते. ॲपसाठी लगेच दर महिन्याचं शुल्क भरायला नको. मायवूश फुकट आहे, आणि २०२४ ची यूसीआयची (जागतिक सायकलिंग महासंघाची) ई-सायकलिंग विश्वविजेतेपद स्पर्धा त्यावरच झाली, तेव्हा ते कमअस्सल समजू नका. झ्विफ्टवर गर्दी जास्त, मजाही जास्त. पण पहाटे पाचला तुम्हाला गर्दीपेक्षा आखलेला तासभराचा व्यायाम हवा आहे.

घाम हा सायकलचा छुपा शत्रू आहे. तो हँडलच्या सांध्यांत, बोल्टांवर आणि स्टेमखालच्या बेअरिंगमध्ये उतरतो आणि क्षार तिथेच राहतात. बाहेर वाऱ्यानं तो उडून तरी जातो. हँडलवर टॉवेल टाका, उतरल्यावर ओल्या फडक्यानं पुसा. पावसाळ्यातल्या दमट हवेत हे टाळलंत तर बोल्ट गंजून अडकतील.

विकत घ्यायच्या आधी एकदा कुणाच्या तरी घरी जाऊन चालवून बघा. ज्या शहरातल्या डॉक्टर महाजन बंधूंनी २०१५ साली दोघांच्या संघातून अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, त्या शहरात ट्रेनर असलेलं घर शोधायला त्रास पडू नये. नाशिक सायक्लिस्ट्सच्या मंडळींत नुसता शब्द टाका. अर्धा तास बसा, चप्पल काढून शेजारी उभ्या राहा आणि दुसऱ्याला चालवायला सांगा. फरशीतलं तळपायाला कानाच्या आधी कळतं.

३०० किलोमीटरला २० तास मिळतात, आणि त्यात ट्रेनर तुम्हाला पाय देईल, बैठक देणार नाही. आठवड्यात दोन किंवा तीन दिवस घरात, जोराचे तुकडे असलेला पाऊण तास पुरे. तीन-तीन तास घरात बसून पॅडल मारण्यात मला अर्थ दिसत नाही. त्यापेक्षा रविवारी उजाडल्यावर, सोबत घेऊन, त्र्यंबक रस्त्यानं अंजनेरीकडे किंवा दिंडोरीकडे निघा. सिंहस्थाच्या कामांनी जिथे रस्ता खणला आहे तिथे उतरून चाला, त्यात कमीपणा नाही. रात्री दिवा लावून चालवणं, खाणं, दुखणारे तळहात, घाट उतरतानाचा ब्रेक यांतलं काहीही हॉलमध्ये शिकता येत नाही.

शेवटी एक पर्याय, जो तुम्ही विचारला नाहीत. लॉकडाऊनच्या काळात हौसेनं घेतलेले कितीतरी ट्रेनर आज लोकांच्या घरी टॉवेल वाळत घालायच्या कामी आले आहेत. वरच्या वर्गातलं मशीन अशा ठिकाणी तुमच्या बजेटमध्ये मिळू शकतं. मशीन फार वापरलेलं नसेल आणि मालक नाशिकचाच असेल तर विचार करा, पण वीस मिनिटं घाम येईपर्यंत चालवल्याशिवाय पैसे देऊ नका. काही आवाज मशीन तापल्यावरच सुरू होतात. जोर लावून पॅडल मारताना ठकठक होते का, पाय थांबवल्यावर फ्लायव्हील गुळगुळीत थांबतं की खरखरत, हबवरची कॅसेट हातानं हलवल्यावर डुलते का, अ‍ॅडॉप्टर मूळचाच आहे का, ॲप मशीनला लगेच ओळखतं का, हे बघा. मूळ बिल आणि खोकंही मागा. उद्या मशीन दुरुस्तीला पाठवायची वेळ आली तर त्या खोक्यातल्या थर्माकोलशिवाय ते धड पोचणार नाही.